ऑन्टारियोतली नगरपालिका निवडणूक: चिन्हच नाही, तर खूण करायची कुणापुढे?

क्रेडिटकाठचा | ७ सप्टेंबर २०२२

मंडळी, मदत हवी आहे.

मार्चमध्ये झूमवर शपथ घेऊन आम्ही उभयता कॅनेडियन झालो. जूनमध्ये प्रांताच्या निवडणुकीत पहिलं मत टाकलं. ते सोपं गेलं. निळे, लाल, नारिंगी, हिरवे, पक्ष ठाऊक होते. आता २४ ऑक्टोबरला नगरपालिकेची निवडणूक आहे आणि पुरती पंचाईत झाली आहे.

काल कामावरून येताना सिग्नलच्या कोपऱ्यावर हिरवळीत रोवलेल्या पाट्या मोजल्या. अकरा. कमळ, हात, घड्याळ सोडाच, एकीवरही पक्षाचं नाव नाही. नुसतं आडनाव, खाली वेबसाइट. इथे नगरपालिकेला पक्षच उभे राहत नाहीत म्हणे. आमची हयात गेली शिक्का कुठे मारायचा हे चिन्ह बघून ठरवण्यात. आता मतपत्रिकेवर नावांची यादी समोर येणार, तीही आडनावांच्या अकारविल्हे.

मिसिसागात मला तीन ठिकाणी खुणा करायच्या आहेत: महापौर, वॉर्डाचा नगरसेवक आणि स्कूल ट्रस्टी. महापौर बॉनी क्रॉम्बी निदान टीव्हीवर पाहिल्यात. नगरसेवकपदाला पाच-सहा जण आहेत, त्यातला एकही माहीत नाही. आणि ट्रस्टी म्हणजे नक्की कोण? देवस्थानाचे विश्वस्त असतात तसं काही का?

खरं सांगायचं तर लाज वाटली. पुण्यात माझ्या आईवडिलांच्या प्रभागात कोण कुठून कुठे उडी मारणार हे मला तोंडपाठ आहे. इथे सहा वर्षं राहतोय, आणि आमच्या रस्त्यावर बर्फ काढणारा प्लाव कोणाच्या सांगण्यावरून येतो ते माहीत नाही.

त्यात २४ ऑक्टोबर म्हणजे नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी! पहाटे अभ्यंगस्नान, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी पूजा. मतदान १० ते ८. मुहूर्त कोणी काढला हा?

तुम्ही लोक कसं ठरवता?

---

बर्फाळ कोकणी | ७ सप्टेंबर २०२२

मुहूर्त कायद्यानेच काढलाय. दर चार वर्षांनी ऑक्टोबरचा चौथा सोमवार. अख्ख्या ऑन्टारियोत, ४४४ नगरपालिकांत, एकाच दिवशी. पंचांग कोणी बघत नाही.

तुम्ही तीन खुणांनी घाबरलात, आमच्या ब्रॅम्पटनला चार आहेत. महापौर, रिजनल काउन्सिलर, सिटी काउन्सिलर, ट्रस्टी. दोन-दोन वॉर्डांची जोडी करून त्यांना एक रिजनल आणि एक सिटीवाला. १ आणि ५ जोडीला, २ आणि ६ जोडीला. हे गणित ज्याने मांडलं त्याने आयुष्यात कधी सरळ रेघ मारली नसावी. शेजारच्या सरदारजींना मी तीनदा समजावलं, चौथ्यांदा त्यांनी मला समजावलं आणि तेच बरोबर निघाले.

कोण काय करतं ते थोडक्यात: बस, वाचनालय, बागा, अग्निशमन, कुठे काय बांधायचं याची परवानगी, गल्लीतला बर्फ हे सिटीकडे. पाणी, कचरा, पोलीस हे पील रिजनकडे (आपल्या शहरांच्या वरची जिल्हा परिषद समजा). म्हणून कचऱ्याची गाडी आली नाही की सिटीला फोन करून उपयोग नाही. मी दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी भांडत होतो.

---

शंकासूर | ८ सप्टेंबर २०२२

तुम्हाला निदान प्रश्न तरी पडलाय. मी पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, पण नागरिक नाही. चार वर्षं झाली. घर घेतलं, प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्यातच शाळांचा हिस्साही भरतो, मुलगी सरकारी शाळेत जाते. मत? शून्य. संसदेचं समजू शकतो. पण बागेतला झोपाळा कुठे लावायचा हे ठरवायला नागरिकत्व कशाला लागतं?

---

मुद्देसूद | ८ सप्टेंबर २०२२

शंकासूर, तुमच्या जखमेवर मीठ चोळतो, माफ करा. १९९६ च्या नगरपालिका निवडणूक कायद्यानुसार मतदार कोण? कॅनडाचा नागरिक, वय १८ पूर्ण, आणि त्या गावात राहणारा *किंवा* तिथे मालमत्तेचा मालक वा भाडेकरू *किंवा* अशा मालक-भाडेकरूचा नवरा किंवा बायको. म्हणजे मिल्टनला राहणाऱ्या आणि टोरांटोत कॉन्डो घेऊन भाड्याने दिलेल्या नागरिकाला दोन्ही गावांत मत आहे. एकाच गावात चार घरं असली तरी मत एकच. 

पीआरना मत द्यावं असा ठराव टोरांटोच्या काउन्सिलने २०१३ मध्ये केला होता. पण कायदा बदलायचा अधिकार प्रांताचा. प्रांताने मनावर घेतलं नाही.

---

शंकासूर | ८ सप्टेंबर २०२२

म्हणजे कॉन्डोला दोन मतं आणि मला एकही नाही. छान. जय हो.

---

स्कार्बरोची आज्जी | ८ सप्टेंबर २०२२

पोरांनो, मी १९७४ साली इथे आले तेव्हा स्कार्बरो वेगळं गाव होतं. आमचा आमचा महापौर होता. १९९८ ला सगळं टोरांटोत घातलं. आम्हाला विचारलं होतं का, तर विचारलं होतं, लोक नको म्हणाले, तरी घातलं. मग २०१८ ला निवडणुकीचा प्रचार चालू असताना, उमेदवार दारोदार फिरत असताना, प्रांताने ४७ वॉर्डांचे २५ करून टाकले. ज्या बाईसाठी मी माझ्या हिरवळीत पाटी रोवली होती तिचा वॉर्डच गायब! पाटी तशीच उभी, बाई दुसऱ्याच वॉर्डात. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, गेल्या वर्षी पाच विरुद्ध चार असा निकाल लागला की प्रांताला तसं करता येतं. नगरपालिका ही प्रांताचं लेकरू. बापाने कान धरला की गप्प बसायचं.

आता कसं ठरवायचं म्हणालास ना, तर माझी रीत सांगते. जो सध्या नगरसेवक आहे त्याच्या ऑफिसात मे-जून महिन्यात फोन करायचा. काहीतरी खरंखुरं काम सांगायचं. माझं फुटपाथच्या उंचवट्याचं होतं, अडखळून पडले होते मी. किती दिवसांत उलट फोन येतो ते कॅलेंडरवर लिहायचं. निवडणुकीच्या तोंडावर फोन केलास तर सगळेच गोड बोलतात, त्याला अर्थ नाही.

---

बर्फाळ कोकणी | ८ सप्टेंबर २०२२

आज्जी, दंडवत.

---

सदाशिवपेठी | ९ सप्टेंबर २०२२

इथे पुण्यात बसून हा धागा वाचतोय आणि हेवा वाटतोय. मार्चमध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपली. मुंबईचीही संपली. आता प्रशासक. प्रभाग तीनचे की चारचे, ओबीसी आरक्षणाचं काय, सगळं कोर्टात. खड्ड्याचा फोटो कोणाला पाठवायचा तेच कळत नाही, कारण ज्यांना पाठवायचो ते सगळे 'माजी' झाले.

आणि तुम्ही महापौर थेट निवडता. आमच्याकडे नगरसेवक आपसांत निवडतात, अडीच वर्षांसाठी, आरक्षणाची सोडत निघेल त्याप्रमाणे. महापौर सभा चालवतो आणि फिती कापतो. खरी सत्ता आयुक्ताकडे, आणि आयुक्त पाठवणार राज्य सरकार. आज्जी म्हणाल्या ते लेकरू-बापाचं इकडेही तेच.

---

मुद्देसूद | ९ सप्टेंबर २०२२

थेट निवडतात हे खरं, पण आजवर ऑन्टारियोतल्या महापौराचंही काउन्सिलमध्ये एकच मत होतं. आता टोरांटो आणि ओटावाच्या महापौरांना व्हेटो देणारा कायदा प्रांताने आणलाय. प्रांताच्या प्राधान्यक्रमाशी, म्हणजे मुख्यतः घरबांधणीशी, संबंधित विषयात महापौर काउन्सिलचा निर्णय उलटवू शकेल. दोन तृतीयांश नगरसेवक एकत्र आले तरच तो व्हेटो मोडणार. टोरांटोकरांनो, महापौर निवडताना हे डोक्यात ठेवा.

---

व्हँकूवरवाली | १० सप्टेंबर २०२२

ऑन्टारियोवाल्यांनो, तुमचे तीन-चार कप्पे म्हणजे पोरखेळ. आमच्याकडे वॉर्डच नाहीत! अख्खं शहर एक मतदारसंघ. १ महापौर, १० नगरसेवक, ७ पार्क बोर्डाचे सदस्य, ९ ट्रस्टी. एकूण २७ खुणा. १० नगरसेवकांसाठी ५९ जण उभे आहेत. नावं अकारविल्हे नाहीत, चिठ्ठ्या टाकून क्रम लावतात, त्यामुळे ओळखीचं नाव शोधायला बोट फिरवत बसावं लागतं. आमचं मतदान १५ ऑक्टोबरला, शनिवारी. ब्रिटिश कोलंबियात ऑक्टोबरचा तिसरा शनिवार असतो. सुट्टीचा दिवस, दिवाळीही मोकळी. घ्या!

आणि हो, आमच्याकडे नगरपालिकेचे वेगळे पक्ष असतात. ओटावातल्या, म्हणजे देशपातळीवरच्या, पक्षांशी त्यातल्या बहुतेकांचं नातं नसतं, नावंही वेगळी. पण चिठ्ठीवर पक्ष लिहिलेला असतो. चिन्ह नाही तर नाही, निदान खुंटी तरी मिळते.

---

क्रेडिटकाठचा | ११ सप्टेंबर २०२२

सगळ्यांचे आभार. पण ट्रस्टीचं कोणी सांगितलंच नाही. सगळे त्या कप्प्यावरून उडी मारून पुढे गेले.

---

दोन पोरांची आई | ११ सप्टेंबर २०२२

मी सांगते, कारण मला हे फार महागात पडलं.

ऑन्टारियोत सरकारी पैशावर चालणारी चार प्रकारची शाळा मंडळं आहेत: इंग्रजी पब्लिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच पब्लिक, फ्रेंच कॅथलिक. मतदारयादीत तुमच्या नावापुढे यातलं एक लिहिलेलं असतं आणि त्याच मंडळाच्या ट्रस्टीची यादी तुम्हाला मिळते. काही न कळवल्यास इंग्रजी पब्लिक. कॅथलिक मंडळासाठी स्वतः किंवा जोडीदार कॅथलिक असावा लागतो.

ट्रस्टी शाळा चालवत नाही, शिक्षक नेमत नाही, आणि १९९७-९८ पासून शाळांचा कर ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याकडे राहिलेला नाही. तो प्रांत ठरवतो. मानधनही यथातथाच. मग करतात काय? मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्याची, डायरेक्टरची, नेमणूक. अंदाजपत्रक. फ्रेंच इमर्शनचे (फ्रेंचमधून शिकवायचे) वर्ग कोणत्या शाळेत. शाळेचं नाव काय. आणि शाळांच्या हद्दी.

हद्द. हा शब्द लक्षात ठेवा. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेमागे नवीन वसाहत झाली. पोर्टेबल वर्ग, म्हणजे मैदानात ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्या, वाढत गेले, अर्धं मैदान त्यांनी खाल्लं. मग मंडळाने हद्द बदलायचं ठरवलं. शाळेच्या ई-मेलमध्ये तळाशी दोन ओळी आल्या, मी वाचल्या नाहीत. संध्याकाळी सात वाजता बैठक होती. बाहेर बर्फ. नंतर कळलं की सहा पालक आले होते, त्यातले चार एकाच गल्लीतले. त्यांची गल्ली वाचली. आमची दुसऱ्या शाळेत गेली. धाकटा चालत सात मिनिटांत पोचायचा तो बसने जायला लागला, थोरला जुन्याच शाळेत राहिला. दोन वर्षं रोज सकाळी दोन दिशांना पळापळ. ट्रस्टीबाईंना फोन केला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही बैठकीला आला असतात तर बरं झालं असतं. राग आला. पण खोटं काय होतं त्यात?

त्या बाई मागच्या वेळी इतक्या थोड्या मतांच्या फरकाने निवडून आल्या होत्या की आमच्या गणपतीला जमलेली मंडळी पुरली असती निकाल फिरवायला.

---

शंकासूर | ११ सप्टेंबर २०२२

ताई, तुमच्या गणपतीला जमलेल्यांपैकी निम्मे माझ्यासारखे पीआर असतील. (दिवे घ्या.)

---

सडेतोड | १२ सप्टेंबर २०२२

एवढा काथ्याकूट कशाला? आपला माणूस उभा असेल तर त्याला द्यावं. बाकी समाज हेच करतात. ब्रॅम्पटनला बघा.

---

बर्फाळ कोकणी | १२ सप्टेंबर २०२२

ब्रॅम्पटनला बघतोच आहे की, इथेच राहतो. आमच्याकडे एका जागेला एकाच आडनावाचे तीन-तीन उमेदवार असतात, मग 'आपला' कोणता? आणि महापौर पॅट्रिक ब्राउन कुठल्या समाजाचे? या उन्हाळ्यात ते दिल्ली गाठायला, म्हणजे ओटावा गाठायला निघाले होते. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने नेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर काढलं तेव्हा परत महापौरपदाला अर्ज भरला. ते प्रत्येकाच्या जत्रेत, गुरुद्वारात, देवळात, दिवाळीत हजर असतात. फेटा कोण नीट बांधतं यावर मत द्यायचं असेल तर स्पर्धा तगडी आहे.

'आपला माणूस' म्हणजे काय तेही एकदा ठरवा. कोकणस्थ? देशस्थ? मराठी? भारतीय? की पाळणाघरासाठी रांगेत थांबलेला कोणीही?

---

सडेतोड | १२ सप्टेंबर २०२२

झालं, घसरले जातीवर.

---

स्कार्बरोची आज्जी | १२ सप्टेंबर २०२२

भांडू नका रे. ज्याला वाटतं त्याने स्वतः उभं राहावं. महापौराला २०० डॉलर, नगरसेवकाला नि ट्रस्टीला १०० डॉलर अनामत, आणि नगरसेवकाला २५ मतदारांच्या सह्या. पंचवीस सह्या तर आपल्या एका भिशीत मिळतात. यंदाची मुदत १९ ऑगस्टलाच गेली, पण पुढच्या वेळेला तयारीला लागा. गावोगावी कितीतरी जागा बिनविरोध जातात, कारण अर्जच एक येतो.

---

क्रेडिटकाठचा | ९ ऑक्टोबर २०२२

प्रगती कळवतो. आमच्या वॉर्डाच्या उमेदवारांची एकत्र सभा वाचनालयात झाली. मोजून चाळीस माणसं, त्यातली बरीच केस पिकलेली. मी हात वर करून विचारलं, प्लाव जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा जो बांध टाकून जातो तो काढायचा खर्च सिटीने करावा की नाही? तिघे 'नक्की करू' म्हणाले. एकाने सांगितलं, करता येईल, पण एवढे पैसे लागतील आणि ते तुमच्या टॅक्समधूनच येतील, चालेल का? मला तो माणूस आवडला. बायकोला तो खडूस वाटला.

ट्रस्टीच्या उमेदवारांना मी ई-मेल केला. चौघांपैकी दोघींची उत्तरं आली. एकीने माझं नाव चुकीचं लिहिलं, पण हद्दीविषयी तीन परिच्छेद लिहिले. तिला मत.

दिवाळीचा प्रश्न असा सोडवला: काल आगाऊ मतदान उरकलं. गर्दी शून्य. ओळखपत्रावर फोटो नसला तरी चालतो, नाव आणि पत्ता पाहिजे. मतपत्रिका यंत्रात सरकवली, ट्रिंग झालं, संपलं. बोटाला शाई नाही. जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

---

मुद्देसूद | २२ ऑक्टोबर २०२२

ज्यांनी अजून केलं नाही त्यांच्यासाठी: सोमवारी मतदानासाठी सलग तीन तास मिळण्याचा हक्क कायद्याने आहे. कामाच्या वेळेमुळे ते मिळत नसतील तर मालकाला पगार न कापता सोडावं लागतं. तीन तास कोणते ते मात्र त्याने ठरवायचं.

---

दोन पोरांची आई | २४ ऑक्टोबर २०२२

अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, सातला पूजा. साडेसहाला नऊवारीत जाऊन मत देऊन आले. केंद्रावरच्या आजींनी विचारलं, आज लग्न आहे का घरात? त्यांना एक करंजी दिली. आधी 'घेता येणार नाही' म्हणाल्या, मग घेतली.

---

मुद्देसूद | २५ ऑक्टोबर २०२२

टोरांटोत जॉन टोरी तिसऱ्यांदा, मिसिसागात क्रॉम्बी, ब्रॅम्पटनला ब्राउन. तिघेही आरामात. मतदान: टोरांटो ३० टक्क्यांच्या आत, ब्रॅम्पटन २५ च्या आत, मिसिसागा २२ च्या आसपास. दिवाळीला दोष देऊ नका. टोरांटोच्या बाकी लोकांची कुठे दिवाळी होती?

---

क्रेडिटकाठचा | २५ ऑक्टोबर २०२२

माझा खडूस पडला. ट्रस्टीबाई आल्या.

---

स्कार्बरोची आज्जी | २७ जून २०२३

धागा वर काढतेय. टोरींनी फेब्रुवारीत राजीनामा दिला, काल पोटनिवडणूक झाली. मतपत्रिकेवर १०२ नावं! एक उमेदवार तर आपल्या मॉली नावाच्या कुत्रीला घेऊन प्रचार करत होता. मी चष्मा बदलून, भिंग घेऊन गेले. ऑलिव्हिया चाव आल्या. त्यांची सुरुवात १९८५ साली स्कूल ट्रस्टी म्हणून झाली होती. त्या शेवटच्या कप्प्याला हसू नका म्हणून सांगितलं.

---

बर्फाळ कोकणी | ११ जून २०२४

आता मिसिसागाची पाळी. क्रॉम्बी प्रांताच्या लिबरल पक्षाच्या नेत्या झाल्या म्हणून काल पोटनिवडणूक, कॅरोलिन पॅरिश आल्या. मधल्या काळात पील रिजन मोडायचा कायदा झाला आणि त्याच वर्षाअखेरी तो निर्णय फिरवलाही. त्या कायद्याला नाव दिलं होतं हेझल मॅकॅलियन यांचं. १९७८ ते २०१४ मिसिसागाच्या महापौर. बाई वरून बघून हसल्या असतील. माझी कचऱ्याची गाडी अजून रिजनचीच.

---

मुद्देसूद | २९ जून २०२५

ट्रस्टींबद्दल: टोरांटोच्या पब्लिक आणि कॅथलिक दोन्ही मंडळांवर, तसंच डफरिन-पील कॅथलिक आणि ओटावा-कार्लटनवर प्रांताने पर्यवेक्षक नेमलेत. ट्रस्टींचे अधिकार त्यांच्याकडे गेले. सदाशिवपेठी, तुमचे प्रशासक इकडेही आले बघा.

---

सदाशिवपेठी | १५ जानेवारी २०२६

आले आमचे दिवस! प्रशासकाच्या जवळपास चार वर्षांनंतर आज महापालिकेचं मतदान. चारचा प्रभाग, म्हणून चार बटणं. शाईऐवजी मार्करने रेघ ओढली, ती पुसली जाते म्हणून सकाळपासून चॅनेलवर गदारोळ. मी साबणाने हात धुऊन पाहिला. सांगत नाही काय झालं.

खड्ड्याचा फोटो मोबाइलमध्ये तयार आहे. फक्त तो खड्डा आता तिथे नाही, शेजारी नवीन आहे.

---

शंकासूर | १८ जानेवारी २०२६

सगळ्यांना नमस्कार. गेल्या महिन्यात शपथ घेतली. आता २६ ऑक्टोबरला माझंही मत.

दोन प्रश्न. एक, मतदारयादीत नाव आहे का हे कुठे बघायचं? दोन, आज्जी, तुम्ही म्हणाला होतात १०० डॉलर आणि २५ सह्या. ट्रस्टीलाही सह्या लागतात का?

---

मुद्देसूद | १८ जानेवारी २०२६

१. इलेक्शन्स ऑन्टारियोच्या संकेतस्थळावर. शाळा मंडळाचा रकानाही तिथेच तपासा.

२. ट्रस्टीला सह्या लागत नाहीत. अर्ज १ मेपासून २१ ऑगस्टपर्यंत.

---

स्कार्बरोची आज्जी | १८ जानेवारी २०२६

शंकासूर, तुझं खरं नाव काय रे? पाटीवर हे नाही चालायचं.